एकांड्या माश्यांचं घर सांभाळताना: उघडणाऱ्या फळ्या, कागदी नळ्या आणि परजीवी

इमारतीच्या बागेतलं माशीघर, म्हणजे एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांना घरटी करायला लावलेला खोका, माझ्याकडे आलं ते जानेवारीत. ज्यांनी ते लावलं होतं ते काका दुसरीकडे राहायला गेले आणि जाताना म्हणाले, "एवढं बघशील का? पानं कापणाऱ्या माश्या येतात त्यात." घर म्हणजे एक लाकडी खोका, त्यात खच्चून भरलेले बांबूचे तुकडे, मध्ये भोकं पाडलेले दोन ओंडके आणि उरलेल्या जागेत झाडाच्या साली. अशी तयार घरं हल्ली पुष्कळ जण हौसेने लावतात. लावल्यावर दोन-तीन हंगामांनी आत काय होतं आणि तेव्हा काय करायचं, हे मला सांगणारं तेव्हा कुणी भेटलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

थोडं या माश्यांबद्दल. जगात मधमाश्यांच्या २०,०००हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या आहेत. पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी आपलं घरटं आपण करते, परागाची शिदोरी भरते, त्यावर अंडं घालते, दार लिंपते आणि जाते. पिल्लांची आणि तिची गाठ सहसा पडत नाही. यांतल्या बऱ्याचशा जमिनीत बीळ करतात. पोकळ काड्या आणि लाकडातली भोकं वापरणाऱ्या जाती कमी, आणि माशीघर उपयोगी पडतं ते त्यांनाच. म्हणून पहिलं काम मी कुंपणालगत केलं. तिथला उन्हाचा, कोरडा मातीचा पट्टा खणायचा नाही, त्यावर पालापाचोळा पसरायचा नाही, असं माळीदादांना सांगून ठेवलं. त्याला काही खर्च नाही.

फेब्रुवारीत फक्त बघायचं ठरवलं. ऊन चढल्यावर वही घेऊन बसायचे आणि प्रत्येक भोकाचं बूच टिपून ठेवायचे. बुचावरून आत कोण आहे ते बरंच कळतं. पानाच्या गोल चकत्या एकावर एक दाबलेल्या असतील तर पानकापी माशी. राळ किंवा डिंक, कधी त्यात बारीक खडे, असं असेल तर राळमाशी. चिखलाचं बूच गवंडी माशीचं असेल, नाहीतर अळ्या पकडून साठवणाऱ्या गांधीलमाशीचं. भोकातून सुकं गवत लोंबत असेल तर आत नाकतोडे आणि रातकिडे साठवणारी सडपातळ काळी गांधीलमाशी. या गांधीलमाश्याही एकट्याच राहतात, बागेतल्या अळ्या कमी करतात, आणि त्यांनाही राहायला हीच भोकं लागतात. त्यांना हुसकून लावू नये.

पण बुचांइतकंच बुचांसमोर कोण घोटाळतंय हेही बघावं लागतं. माझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात एक माशी आली, दिसायला पानकापीची बहीण, पण पोटाचं टोक अणकुचीदार आणि पोटाखाली परागाचा कणही नाही. पानकापी पराग पायांवर आणत नाही, पोटाखालच्या दाट केसांत भरून आणते. त्यामुळे कामावर असलेल्या मादीचं पोट खालून पिवळंधमक दिसतं. ही मात्र कोरडी. खोक्याच्या कडेवर बसून राहायची, मिशा भोकाकडे वळवलेल्या. घरमालकीण पानं आणायला उडाली की आत. पोटाच्या त्या टोकाने ती पानाची भिंत भोसकते आणि आपलं अंडं शिदोरीत सरकवते. तिच्या अळीचे जबडे सुरुवातीलाच असे असतात, की घरातल्या मूळ अंड्याचा किंवा अळीचा निकाल लागतो. शिवाय केसाळ, जागच्या जागी तरंगणारी एक काळी माशी दिसायची. ती आत जातच नाही, भोकासमोर उडता उडता पोटाला झटका देऊन अंडी आत भिरकावते.

मार्चमध्ये बांबू फोडायला घेतले. आधी नव्याने बूच लागलेले बाजूला ठेवले आणि जुने, तोंडावर टाचणीएवढी छिद्रं पडलेले तेवढे घेतले. सुरीचं पातं उभ्या रेषेत धरून हलक्या हाताने ठोकलं की बांबू दुभंगतो. पानकापीचं घरटं आत चिरुटासारखं दिसतं: एकामागे एक कोठड्या, प्रत्येकीच्या भिंती पानाच्या लांबट तुकड्यांच्या आणि झाकण नेमक्या गोल चकत्यांचं. हे तुकडे ती सगळे जबड्याने कापते. अशी सुंदर, शाबूत घरटी मला थोडीच मिळाली. कितीतरी बांबूंत ओल धरून बुरशी चढली होती, कारण बांबूची भिंत जाड आणि आतून गुळगुळीत, दमट हवा अडकली की बाहेर पडत नाही. काहींत परागाच्या जागी माइटांचा, म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतल्या अगदी बारीक जिवांचा, हलता भुगा होता. हे माइट पराग खातात, अंडं किंवा छोटी अळी मारतात, आणि कुणी माशी बाहेर पडलीच तर तिच्या अंगाला चिकटून पुढच्या घरट्यात जातात.

आणि मग मेलिटोबिया. मराठी नाव मला मिळालं नाही, म्हणून हेच वापरते. एक कोठडी उघडली तर आतल्या अळीचं नुसतं कातडं उरलेलं आणि त्यावर जेमतेम दीड मिलिमीटरच्या काळ्या गांधीलमाश्यांची झुंबड. एक मादी एका अळीवर शेकडो अंडी घालते. नर आंधळे असतात, उडत नाहीत, आतल्या आतच आपल्या बहिणींशी मीलन करून मरतात. माद्या भिंत कुरतडून शेजारच्या कोठडीत शिरतात. उबेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. भिंगातून हे पाहताना मला अक्षरशः भरून आलं. इतक्या जवळ जवळ रचलेल्या नळ्या म्हणजे त्यांना एका घरातून दुसऱ्या घरात चालत जायची सोय. मोकळ्या रानात एक पोकळ काडी इथे, एक तिथे असते. दाटी माणसाने केली आहे, तेव्हा या दाटीत जे वाढतं त्याची जबाबदारीही माणसाचीच, हे त्या दिवशी माझ्या मनाने घेतलं आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच केले.

एप्रिल कागदपत्रांत गेला. जुनं घर काढून नवं लावायचं म्हणजे इमारतीच्या कमिटीची परवानगी हवी, आणि तोवर कुणीतरी "ते विषारी किडे वाढवतात तिथे" अशी तोंडी तक्रार केलेली. सचिवांनी लेखी अर्ज मागितला. सोबत जागेचा कच्चा नकाशा, तळमजल्यावरच्या घरांच्या ना-हरकत सह्या, आणि जबाबदारी कुणाची याचं हमीपत्र. कमिटीची सभा महिन्यातून एकदाच, त्यातली एक गणसंख्येअभावी तहकूब झाली. मे उजाडला तेव्हा कुठे ठराव झाला. अटी अशा: घसरगुंडीपासून लांब, रसायन वापरायचं नाही, वर्षाला एक लेखी अहवाल, आणि तक्रार आली तर आठ दिवसांत हलवायचं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हलवण्याची अट आपणच अर्जात आधी घालावी, चर्चा निम्मी तिथेच संपते. आणि शंका असलेल्या माणसाला घरट्यासमोर उभं करावं. मी सचिवकाकांना हात लांब केला की लागेल इतक्या अंतरावर उभं केलं. माद्या त्यांच्या कानाजवळून ये-जा करत होत्या आणि एकीनेही त्यांची दखल घेतली नाही. यांना डंख असतो, पण राखायला पोळं आणि मधाचा साठा नसल्यामुळे त्या चाल करून येत नाहीत. चिमटीत धरली, कपड्यात अडकली तरच डंख मारेल. नरांना डंखच नसतो. सह्या गोळा करताना मला सगळ्यात जास्त हेच सांगावं लागलं.

त्याच ठरावात आणखी एक ओळ घालून घेतली, आणि ती मला बाकी सगळ्यापेक्षा मोलाची वाटते. बागेत औषधफवारणी करायची असेल तर आदल्या दिवशी मला कळवायचं, फवारणी अंधार पडल्यावर, आणि फुलावर असलेली झाडं वगळून. घर कितीही स्वच्छ ठेवा, गुलाबाच्या पानावर कीटकनाशक असेल तर ते पान कोठडीची भिंत होऊन आत येतंच.

परवानगीची वाट बघताना बांधणीची तयारी केली. खर्च झाला तो मुख्यतः इथे, तोही सुतारकामाच्या मजुरीचा. लाकूड रद्दीतलं चाललं. सुतारकाकांकडून फळ्या करून घेतल्या. प्रत्येक फळीच्या वरच्या अंगाला समांतर खोबणी, काही ५ ते ६ मिलिमीटर रुंदीच्या, काही ८, थोड्या १०. वरची फळी खालच्या फळीच्या खोबणींवर झाकण म्हणून बसते. असा थर रचून दोन बाजूंनी लांब बोल्ट आणि हाताने फिरणारे नट. हंगाम संपला की नट सैल करायचे आणि सगळं घरटं पानापानाने उघडतं. लाकूड रंग, पॉलिश, वाळवीचं औषध न लावलेलं हवं. भुशाच्या दाबलेल्या फळ्या नकोत, ओल लागली की फुगतात. आणि फळ्यांमध्ये फट नको. रात्री एका बाजूला टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने बघा. उजेड दिसला तर मेलिटोबियालाही वाट आहे. सुतारकाकांनी पुन्हा रंधा मारून दिला तेव्हा फट गेली.

खोलीबद्दल मात्र आग्रही राहा. लहान खोबण निदान १० सेंटिमीटर, ८ मिलिमीटरची असेल तर १५ सेंटिमीटर, आणि मागचं टोक बंद. मादी आतल्या टोकाला फलित अंडी घालते, त्यांतून माद्या होतात. दाराशी अफलित अंडी घालते, त्यांतून नर. दाराजवळचे नर आधी बाहेर पडतात आणि परजीवी किंवा पक्षी आला तर पहिला बळीही त्यांचाच. नळी आखूड असली की नर जास्त आणि माद्या कमी होतात, म्हणजे पुढच्या हंगामात घरटं करणारं कुणी उरत नाही. बाजारातल्या घरांत बोटाच्या दोन पेरांएवढे बांबू असतात ते एवढ्यासाठी पटत नाहीत.

थोडी भोकं ओंडक्यातही पाडली, पण आत कागदी नळी सरकवून. छपाई नसलेला खाकी कागद, भोकापेक्षा बारीक गजावर दोन-तीन वेढे, कडेला खळ, मागचं टोक दुमडून बंद. हंगामानंतर नळी ओढून काढली की ओंडका मोकळा आणि माइट कागदाबरोबर बाहेर. निव्वळ कागदी नळ्यांचा जुडगा करून टांगू नका. काही परजीवी गांधीलमाश्या पातळ भिंतीतून आपली सोंडेसारखी अंडनलिका आरपार घालतात. बाहेर लाकूड असेल तर ती पोचत नाही. प्लॅस्टिकच्या नळ्या तर नकोतच, त्यांत परागावर बुरशी ठरलेली.

मे महिन्यात जागा निवडली. सकाळचं ऊन येईल अशी पूर्वेची भिंत, छातीएवढी उंची, वर पुढे आलेलं छप्पर. भिंतीला पक्कं आवळलेलं, कारण वाऱ्यावर डुलणाऱ्या घरात मादी आपलं भोक ओळखू शकत नाही आणि आतलं अंडं शिदोरीवरून निसटतं. आधाराच्या गजाला ग्रीसचा पट्टा, मुंग्यांसाठी. पक्ष्यांसाठी पुढे मोठ्या डोळ्यांची जाळी, पण फळ्यांना चिकटवून नाही, चार बोटं अंतर ठेवून. आणि एक मोठं घर करण्याऐवजी फळ्यांचे लहान लहान गठ्ठे बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावले. कॅनडातल्या टोरांटोमध्ये सुमारे ६०० माशीघरं तीन वर्षं तपासली होती, त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला: दरवर्षी जवळजवळ तीन चतुर्थांश घरांत गांधीलमाश्या होत्या, स्थानिक माश्यांना परजीवींचा त्रास बाहेरून आलेल्या माश्यांपेक्षा जास्त होता, आणि अशी घरं माश्यांच्या भल्याचीच असतात असं सरसकट म्हणता येत नाही. हे वाचून मी खचले नाही, पण घर विखुरलं आणि लहान केलं.

जुन्या घरातल्या जिवंत कोठड्यांचं काय करायचं हा सगळ्यात नाजूक भाग. जे बांबू फोडता आले त्यांतल्या शाबूत कोठड्या काढून एकेक काचेच्या छोट्या कुपीत ठेवली, तोंडाला घट्ट कापसाचा बोळा. जाळी पुरत नाही, मेलिटोबिया जाळीतून जाते. कुप्या सावलीत, हवेशीर जागी. शीतकपाटात ठेवायच्या नाहीत: थंड प्रदेशातल्या गवंडी माश्यांचे कोश हिवाळ्यात २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि त्याआधी पाण्यात धुतात किंवा वाळूत घोळून माइट काढतात, ते त्या चिवट रेशमी कोशांना सोसतं. वर्षात अनेक पिढ्या काढणाऱ्या उबदार हवेतल्या पानकापीला ते लागू नाही, आणि पानाची कोठडी धुवायची तर मुळीच नाही.

फोडता न येणारे ओंडके काळोख्या खोक्यात बंद केले, खोक्याला एकच भोक आणि त्यावर पारदर्शक बरणी. बाहेर पडणारा प्रत्येक जीव उजेडाकडे येतो आणि बरणीत जमा होतो. रोज सकाळी बरणी बघायची, माश्या सोडायच्या. बरणीवर ऊन येऊ देऊ नका, तासाभरात आतले जीव भाजतात.

केव्हा डोळ्यांत तेल घालून बघायचं हे मला लसूणघासाच्या बियाण्याच्या शेतीवरून कळलं. अमेरिका आणि कॅनडात त्या पिकाच्या परागीभवनासाठी पानकापीची एक जात मोठ्या प्रमाणावर पाळतात. तिथे कोठड्या फळ्यांतून सुट्या करून थंडीत साठवतात आणि हंगामात सुमारे ३० अंशांवर उबवतात. त्या उबेत परजीवी गांधीलमाश्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बाहेर येतात आणि माश्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून. मधल्या दिवसांत पाण्याच्या तबकावर जांभळट दिवा लावून गांधीलमाश्या पाण्यात पाडतात. माझ्या कुप्या एकाच दिवशी उबवायला घेतलेल्या नव्हत्या, त्यामुळे तारखा जुळणार नव्हत्याच, पण लहान जीव आधी येणार हे ठाऊक असल्यामुळे कुपीत काळी धूळ हललेली दिसली की ती कुपी बोळ्यासकट तडक फ्रीझरमध्ये जायची.

पावसाच्या तोंडावर कुप्यांतून एकेक पानकापी यायला लागली. आधी कोठडीच्या झाकणावर आतून करकर ऐकू येते, कान लावला तर स्पष्ट. मग पानाला अर्धगोल चीर जाते, मिशा बाहेर येतात, आणि बराच वेळ ती तशीच थांबते. बाहेर आल्यावर पंख नीट होईतो मी हात लावायचे नाही. अणकुचीदार पोटाच्या त्या माश्याही काही कुप्यांतून निघाल्या, आणि त्यांना मी सोडून दिलं. यावर आमच्या घरात वाद झाला. माझं म्हणणं असं, की तीही मधमाशीच आहे, तिचं प्रमाण घरमालकिणीच्या प्रमाणाने कमी-जास्त होत राहतं, आणि तिला मारून टाकणं हे माझं काम नाही. मेलिटोबिया आणि माइट हे मात्र आमच्या दाटीत बेसुमार वाढलेले; त्यांना गोठवताना मला संकोच वाटला नाही.

पावसाळा जेमतेम निभावला. छपराचा पत्रा एकदा वाढवून घ्यावा लागला, कारण तिरकी सर थेट खोबणींवर यायची. भरून बूच लागलेल्या कागदी नळ्या अलगद काढून, तोंड वर करून, सावलीत, हवेशीर जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या केल्या आणि त्यांच्या जागी नव्या घातल्या. आदळआपट अजिबात नको. अळी छोटी असताना शिदोरीपासून सुटली तर उपाशी मरते.

ऑक्टोबरात नट सैल केले. पहिल्या फळीच्या एका खोबणीत आठ कोठड्या सलग, हिरवा रंग तपकिरी होत आलेला, दाराशी चकत्यांचा जाड थर. शेजारची खोबण राळेने बंद, तिच्यात पराग गडद नारिंगी. पलीकडे गांधीलमाशीने चिखलाच्या भिंती घालून हिरव्या अळ्या ठासलेल्या. बुरशी कुठेही नाही. मेलिटोबिया एका गठ्ठ्यात होती, पण बाकीचे गठ्ठे लांब असल्यामुळे तिथेच थांबली होती. मग त्या गठ्ठ्यातलं सगळं गोठवलं. काही अळ्या खडूसारख्या कडक, करड्या-काळ्या होऊन मेलेल्या दिसल्या. हा खडूरोग, बुरशीचा. अशी अळी फोडू नका, तिचे बीजाणू धुरळ्यासारखे पसरतात. तोंडाला फडकं बांधून, कोठडी तशीच पिशवीत बंद करून टाका आणि हात साबणाने धुवा.

रिकाम्या फळ्या ब्रशने घासल्या, पातळ ब्लीचच्या पाण्यातून काढल्या, स्वच्छ पाण्याने धुऊन कडक उन्हात कित्येक दिवस वाळवल्या. खडूरोगाच्या फळ्या मी पुन्हा वापरल्या नाहीत, ते बीजाणू फार चिवट असतात. निरोगी कोठड्या परत कुप्यांत.

कमिटीला अहवाल दिला: गठ्ठे किती, कुठे, कुणाला डंख झाला का (नाही), फवारणीच्या तारखा. दीड पान पुरलं. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंनी थोड्या कोठड्या मागितल्या; मी त्यांना खोबणींची मापं आणि सुतारकाकांचा पत्ता दिला, कोठड्या दिल्या नाहीत. माश्यांबरोबर माइट, बीजाणू आणि मेलिटोबियाही जातात, आणि फळ्या लावल्या की आसपासच्या माश्या आपण होऊन येतात. त्याच कारणाने लांबून कोश विकत मागवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

परवानगीचं नूतनीकरण जानेवारीत आहे. या वेळी अर्जात पाण्याच्या टाकीजवळची दुसरी भिंतही मागितली आहे, म्हणजे जुन्या जागेला एक हंगाम विश्रांती देता येईल.